पूर्वेची भिंत

घरात सध्या काहीही मोडलेलं नाही. हे आधी सांगते, कारण बाहेरून आलात की चपला काढायच्या आत तुम्ही तेच विचारायचात. "काही बिघडलंय का?" दुसऱ्या घरात माणूस विचारतो, जेवण झालं का, पाणी आलं का. तुमचा प्रश्न हा. आणि मी "काही नाही" म्हटलं की तुमचा चेहरा जरासा पडायचा.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला येणारे आता कमी झालेत. जे आले ते तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. गुरुजी देवमाणूस होते, असं बहुतेकांनी म्हटलं. मी ऐकून घेतलं. मी ज्याच्याबरोबर राहिले तो माणूस सदऱ्याच्या खिशात खिळे ठेवायचा आणि खिसे फाडून घ्यायचा. तो लोकांची घरं दुरुस्त करायचा, आणि लोकांची म्हणजे ज्यात आपण राहत होतो तीसुद्धा, कारण तेव्हा त्यातलं एकही आपलं नव्हतं. आपलं भांडण त्यावरूनच होतं. ते मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात खोडाळ्याला झाली. मला तुमच्या शाळेजवळची शाळा मिळाली आणि आपण जानीमावशीच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. वैशाली तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी दिंडोरीकडची, दगडामातीच्या भिंतींत वाढलेली. जानीमावशीच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या ओळीने बांधायच्या, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा, झाली भिंत. मला ते घर कमी आणि मोठं टोपलं जास्त वाटलं होतं. तुम्हाला मात्र ती भिंत घरची. तुम्ही दाभोशाचे, अशाच कुडात जन्मलेले.

सामान लावून झालं आणि तुम्ही भिंतीवर बोटाने टकटक केलीत. लेपाचा एक तुकडा खाली पडला. आत काठ्या नव्हत्या, काठ्यांच्या जागी वाळवीची माती होती. जानीमावशी दारात उभी होती. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, हा कूड माझा नाही नं तुझाही नाही. वाळवीचा हाय."

तुम्ही तिच्याबरोबर हसलात. तिच्याशी बोलताना तुमची शाळेतली मराठी सुटायची, तुम्हीही "काय झाला, कसा केला" करत बसायचात, आणि मी दोघांकडे पाहत राहायची.

"भिंत नवी करू," तुम्ही मला म्हणालात.

"कुणाची?"

"या खोलीची."

"खोली कुणाची आहे?"

"आपण राहतो ना."

"भाड्याने राहतो."

"मग वारा काय भाडेकरू बघून कमी येतो?"

तुमचं हे नेहमीचं होतं. तुम्ही वाद घालत नव्हतात, एक वाक्य टाकायचात आणि कामाला लागायचात. उत्तर मला दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना सुचायचं, तेव्हा तुम्ही शाळेत असायचात.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही भिंत काढलीत. वैशालीला घेऊन मी माहेरी जाणार होते, ते तुम्ही पुढे ढकलायला लावलंत. कारवीच्या मोळ्या आल्या. तुम्ही प्रत्येक काठीचं खालचं टोक चुलीत धरून काळं केलंत, म्हणजे वाळवी लागत नाही म्हणालात. अंगणभर धूर. वैशाली खोकायची, जानीमावशी तिला पुढच्या ओसरीवर घेऊन बसायची. ज्या बाजूची भिंत काढली होती तिथे गोणपाट टांगून आपण त्या दिवसांत राहिलो. रस्त्याने बाजाराला जाणारी माणसं गोणपाटाशी थांबून तुमच्याशी बोलायची, आणि मी आत भाजी चिरत असायची. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी मला भाजी चिरताना कधी पाहिलं नसेल.

लिंपायला जानीमावशीने शेणमातीत भाताचा तूस मळला. तिचा हात सरळ फिरायचा. माझा अडखळायचा. तुमचा तर नुसताच थापायचा. तुमची भिंत पूर्ण झाल्यावर उन्हात अशी दिसत होती की जणू तिला गालगुंड झालंय. तुमचं काम टिकायचं, पण दिसायचं नाही. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "भिंतीला कुठं लग्न करायचंय."

पण त्या थंडीत खोली उबदार राहिली. वैशालीची सर्दी पहिल्यांदाच लवकर उतरली. हे मी तुम्हाला म्हटलं होतं की नाही, आठवत नाही. म्हटलं नसेल. तेव्हा मी तुमच्यावर रागावलेली होते, कारण भिंत झाल्यावर तुम्ही मोरीला हात घातला होता. जुन्या मोरीचं पाणी अंगणात साचायचं. तुम्ही उतार काढलात आणि पहिल्याच दिवशी आंघोळीचं पाणी वळून चुलीकडे आलं. तुम्ही बराच वेळ उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "उतार बरोबर आहे. जमीन चुकलीय." मोरी तुम्ही पुन्हा फोडलीत आणि दुसऱ्यांदा बरोबर केलीत, हेही सांगायला हवं.

खोली आता इतकी चांगली झाली होती की पुढच्या उन्हाळ्यात जानीमावशीने ती परत मागितली. तिचा मुलगा ठाण्याला कामाला होता. तो लग्न करून बायकोला घेऊन घरी येणार होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, पोऱ्या येतं. त्याला खोली लागल," ती म्हणाली. "मास्तरला तूच सांग. मला नाही सांगवत."

मी तिला दोष दिला नाही. तिचं घर होतं. मी तुम्हाला सांगितलं, आणि वाट पाहिली की आता तरी तुम्ही काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, तिची सोय झाली." एवढंच. मी त्या रात्री जेवले नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसावं. तुम्ही पुढच्या घराचा विचार करत होतात.

निघायच्या दिवशी जीप दाराशी उभी होती. सामान भरून झालं होतं, वैशालीला मांडीवर घेऊन मी पुढे बसले होते, ड्रायव्हर घाई करत होता. तुम्ही कुठे दिसेनात. शेवटी मी उतरून मागे आले. तुम्ही रिकाम्या खोलीच्या दाराशी गुडघ्यावर बसून कडी काढत होतात.

"आता काय?" मी विचारलं.

"पावसात ही कडी अडकते. लाकूड फुगतं ना. थोडी वर घेतली की झालं."

"आपण चाललोय."

"हो. पण ती नवी पोरगी येईल, तिला काय माहीत दार उचलून लावायचं असतं ते. ती आत अडकायची."

मी जीपमध्ये जाऊन बसले. मोखाडा येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं मला वळणांनी मळमळतंय. तुम्ही खिशातून आवळासुपारी काढून दिलीत. तिला लोखंडाचा वास येत होता.

मोखाड्याला सरकारी क्वार्टर मिळालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, आता घर सरकारचं, दुरुस्ती सरकारची, तुम्हाला करायला काही उरणार नाही. पत्र्याचं छप्पर होतं आणि ते पहिल्या पावसाळ्यातच गळायला लागलं. शेजारच्या क्वार्टरमधले भाऊसाहेब म्हणाले, अर्ज द्या. तुम्ही अर्ज दिलात. तो कुठे गेला ते कळलं नाही. भांडी मांडून आपण पाणी झेललं. भांडी संपली की परात, परात संपली की वैशालीची गादी सरकवायची. मोखाड्याची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघायची आणि पावसाळ्यात तेच पाणी अंथरुणात. तुम्ही तेलाचे डबे उभे चिरून, सरळ करून पन्हळ केलीत, पागोळ्यांचं पाणी पिंपात सोडलंत. शेजारच्या बायका ती पाहायला आल्या. मग तुम्ही त्यांच्याकडेही केल्यात. मी त्यावर काही बोलले नाही, पिंपातलं पाणी मलाही उपयोगी पडत होतं.

छपराचं मात्र मी नको म्हटलं होतं. आठवतं ना? पाऊस दोन दिवस उघडला होता, तुम्ही डांबर गरम करत होतात. मी म्हटलं, पत्रा ओला आहे, निसरडा आहे, सरकारी आहे. तीन कारणं दिली. तुम्ही म्हणालात, "वैशालीच्या छातीत घरघर आहे. सरकारला ती ऐकू येत नाही." आणि शिडी लावलीत.

तुम्ही गोणपाटाच्या पट्ट्या डांबरात बुडवून एकेका भोकावर बसवत होतात. मी खालून बघत होते. तुमचं शेवटचं भोक राहिलं होतं आणि मी चहा टाकायला आत गेले. पत्र्यावर काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. बाहेर आले तर तुम्ही शिडीच्या पायथ्याशी बसला होतात, उजवं मनगट डाव्या हातात धरून. तुम्ही वर बघत होतात. म्हणालात, "एक राहिलं."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांच्या आधीच तुम्ही हट्टाने ते काढून घेतलंत, त्यामुळे ते कायमचं वाकडं राहिलं. फळ्यावरचं तुमचं अक्षर त्यानंतर उजवीकडे कललं. त्या दीड महिन्यात मी तुम्हाला घास भरवत नव्हते, तुम्ही डाव्या हाताने खायचात, पण सदऱ्याची बटणं मी लावायची. आणि त्याच दिवसांत स्टोव्ह बंद पडला. मी तो उघडला, पंपाचा चामडी वायसर तेलात भिजवून फुगवला, बसवला, पेटवला. पेटला. तुम्हाला सांगितलं की भाऊसाहेबांनी करून दिला. कारण मी केला म्हटलं असतं तर तुम्ही तो पुन्हा उघडून बघितला असतात. तुम्ही स्टोव्हकडे थोडा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "भाऊसाहेबांनी पिन उलटी बसवलीय." ती उलटी नव्हती. मी तेव्हा गप्प राहिले. आता सांगते, ती उलटी नव्हती.

बटणं लावतानाच मी तुम्हाला सांगितलं की आता आपलं घर. स्वतःचं. आणि ते बांधणाऱ्यांनी बांधायचं, तुम्ही नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. हलता येत नव्हतं, बटणं अर्धी लागली होती, तेवढं एक कारण असेल. मला वाटतं, मनगटापेक्षा तुम्हाला वैशालीच्या घरघरीने घाबरवलं होतं. घरघर पुढे आपोआप गेली. पण तुम्ही घाबरलेले मी तेवढंच एकदा पाहिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी जव्हारला शिरपामाळाच्या बाजूला आपण जागा घेतली. आपल्या दोघांच्याही बदल्या तोवर जव्हार तालुक्यात झाल्या होत्या. घर ठेकेदाराने बांधलं. रोज शाळा सुटली की तुम्ही तिथे जायचात, गवंड्यांना चहा पाजायचात आणि हात मागे बांधून उभे राहायचात, कारण मी तुमच्याकडून वचन घेतलं होतं. एकदा त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "बाई, गुरुजींना काय होतं? काय बोलत नाहीत नं जातही नाहीत."

घर चांगलं झालं. सरळ भिंती, गुळगुळीत गिलावा, वर स्लॅब. पहिल्या पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. मी प्रत्येक सरीला उठून बघायची आणि परत झोपायची. तुम्ही मात्र झोपेतच असायचात, जसं काही पाऊस हा आता तुमच्या खात्यातला विषय राहिला नव्हता.

तुम्ही त्या घरात पाहुण्यासारखे राहिलात, पहिली दोन-तीन वर्षं. दारं नीट लागत होती, मोरीचं पाणी जायचं तिकडे जात होतं. तुम्ही बिजागऱ्यांना तेल घालायचात, कुरकुरत नसल्या तरी. निवृत्त झाल्यावर तर सकाळी जेवून तुम्ही घराबाहेरच पडायचात. कुणाच्या बाजेचा सुंभ विणून दे, कुणाच्या पंपाचा पाइप बसवून दे, बालवाडीची खिडकी. एकदा मी म्हटलं, "हे घर तुम्हाला आवडलं नाही का?" तुम्ही विचार करून उत्तर दिलंत. म्हणालात, "आवडलं. पण त्याला माझी ओळख नाही." मी म्हटलं, "घराला ओळख लागत नाही." तुम्ही म्हणालात, "मग राहू दे." त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं होतं. ते घर मी तुमच्यासाठी मागितलं होतं, तुमच्या हाडांसाठी, आणि तुम्ही माझ्यासाठी बांधायला होकार दिला होता. दोघांनी एकमेकांना दिलेलं होतं, आणि त्यात बसून दोघे चहा पीत होतो. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

मग खिडकीचं निघालं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पूर्वेच्या भिंतीकडे बघत होतात. मला ती नजर माहीत होती. मी थापायची थांबले.

"इथं खिडकी हवी," तुम्ही म्हणालात.

"नको."

"ऐक तरी. उजेड तुझ्या पाठीमागून येतो, दारातून. तुझीच सावली तव्यावर पडते. भाकरी करपली की तुला वासाने कळतं."

"दिवा आहे."

"असतो तेव्हा असतो."

"त्या अंगाला शेजाऱ्यांचा गोठा आहे. वास येईल. माश्या येतील."

"जाळी लावू."

"चांगली भिंत आहे. या घरात जे शाबूत आहे ते शाबूत राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर भिंतीवर खडूने चौकोन आखलेला होता. मांडणीच्या वर, चांगला दोन हात रुंद. चारी कोपरे बरोबर, रेषा फक्त जराशा उजवीकडे कललेल्या. मी ओल्या फडक्याने पुसून टाकला. तुम्ही ते बघितलंत.

काही दिवसांनी पुन्हा चौकोन. या वेळी थोडा लहान. मी पुसला. पुन्हा आला, आणखी लहान. मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही तडजोड करत आहात. तोंडाने एक शब्द नाही, पण चौकोन दर वेळी एकेक बोट आत यायचा. मीही मग जरा दमाने घ्यायला लागले. लगेच पुसायची नाही, एक-दोन दिवस ठेवायची, म्हणजे मी विचार करते आहे असं तुम्हाला वाटावं. विचार मी करत नव्हते. वैशाली सुट्टीला आली की विचारायची, "आई, भिंतीवर हे काय?" मी म्हणायची, "बाबांना विचार." तुम्ही म्हणायचात, "आईला विचार." ती म्हणाली, "तुम्ही दोघं शिक्षक आहात की विद्यार्थी?" नाशिकला नोकरीला लागल्यापासून तिला आपली गंमत वाटायला लागली होती.

हे चार-पाच वर्षं चाललं. दिवाळीला घर रंगवलं की भिंत कोरी व्हायची आणि तुम्ही पुन्हा मोठ्या चौकोनापासून सुरुवात करायचात. मला ते आवडायला लागलं होतं का? तसं म्हणता येणार नाही. पण कधी बरेच दिवस भिंतीवर काही दिसलं नाही की मी तुम्हाला विचारायची, बरं वाटत नाही का.

आणि एका वर्षी खरंच बरं वाटत नव्हतं. पायऱ्या चढताना तुम्ही मध्ये थांबायला लागलात. हत्यार हातात धरलं की दम लागायचा. नाशिकला नेलं, तपासलं, डॉक्टरांनी वैशालीला बाजूला घेऊन हृदयाबद्दल सांगितलं. तुम्ही गाडीत विचारलंत, "काय बिघडलंय म्हणाले?" वैशाली म्हणाली, "पंप." तुम्ही मान हलवलीत. पुढे बराच रस्ता गेल्यावर म्हणालात, "पंपाचा फक्त वायसर जातो." नंतर तुम्ही त्याबद्दल पुन्हा विचारलं नाहीत.

त्या शेवटच्या महिन्यांत भिंतीवर एक चौकोन होता. पाटीएवढा. खिडकी म्हणून तो अगदीच लहान होता, त्यातून फक्त एक डोकं बाहेर काढता आलं असतं. मी तो पुसला नाही. तुम्हीही त्याच्याकडे बोट दाखवलं नाहीत. आपण स्वयंपाकघरात बसायचो, तुम्ही लसूण सोलायचात, तेवढं तुम्हाला जमायचं, आणि चौकोन आपल्या डोक्यावर. मला वाटतं, मी पुसला नाही हे तुम्हाला जाणवलं होतं. पुसला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, असंही मला वाटतं. म्हणजे तब्येत तेवढी वाईट नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. एकदा मी फडकं हातात घेतलंही होतं. मग ओटाच पुसला.

तुम्ही गेल्यावर जी माणसं आली त्यात जानीमावशीचा मुलगा होता. ती मागेच गेली, हे आपल्याला कळलं होतं. तो आता चांगला थोराड झालाय, त्याची नातवंडंच शाळेत जातात. पाणी प्यायला. मग म्हणाला, "बाई, मागची खोली पाडली आम्ही. विटांची केली." मी म्हटलं, "बरं केलंत." तो म्हणाला, "काठ्या टणक होत्या अजून. वालाच्या वेलाला मांडव केला त्यांचा." माझ्या तोंडून निघालं, "गुरुजींना सांगते." आता सांगितलं.

दिवसकार्य झाल्यावर दाभोशाहून तुमच्या वहिनी राहिल्या होत्या. त्यांनी घर धुवून काढलं. मी बाहेर भांडी पालथी घालत होते, आत आले तर त्या स्टुलावर उभ्या राहून भिंत पुसत होत्या. चौकोनाची एक बाजू आणि अर्धी खालची बाजू तेवढी उरली होती.

"हा काय होता गं?" त्यांनी विचारलं. "पुसू ना?"

"खिडकी होती," मी म्हटलं. "पुसा."

त्यांनी उरलेलं पुसलं. मग उतरून, लांब होऊन, त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "इथं बरी झाली असती," म्हणाल्या. तुमच्या घरची माणसं.

वैशाली म्हणते, नाशिकला चल. मी नाही म्हटलं आहे. ती म्हणाली, मग निदान ती खिडकी तरी करून घेऊ, बाबांची इच्छा होती. गवंडी बघते म्हणाली. मी त्यालाही नाही म्हटलं. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत राहिली. तिला वाटलं असेल, आई अजूनही हट्ट धरून आहे. माझं म्हणणं बदललेलं नाही, एवढंच. माणूस गेला म्हणून गोठ्याचा वास जात नाही. ती भिंत चांगली आहे आणि ती फोडू नये. तुम्ही असतात तर आजही मी हेच म्हटलं असतं, आणि तुम्ही गेलात म्हणून मी पटकन हो म्हणून टाकलं तर तो तुमचा मान नाही, मी तुम्हाला हातातून सोडून दिल्यासारखं होईल.

सकाळी भाकरी करताना मी बघते. सावली पडते, हे खरं आहे. तव्याची डावी बाजू दिसत नाही. मी मनातल्या मनात तुमच्या वतीने बोलते, की बघ, करपली ना. मग माझ्या वतीने बोलते, की माश्या. तुम्ही म्हणाल जाळी. मी म्हणेन, जाळीला तुपकट धूर बसतो, ती कोण घासणार. इथे तुम्ही काहीतरी म्हणाला असतात. एक छोटंसं वाक्य, आणि मला त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं असतं. ते वाक्य काय असतं, ते मी रोज शोधते आणि मला सापडत नाही. तुमची बाजू मी माझ्या परीने मांडते. ती लगेच हरते. तुम्ही मांडायचात तेव्हा ती कधीच हरत नव्हती.